अर्ध्या तासाचे हसू आणि रुपेरी पडदा

दूरदर्शनच्या पडद्यावरील एखादे विनोदी कुटुंब अर्ध्या तासात घरच्या मंडळींना दहा वेळा हसवीत असेल, तर त्याच कुटुंबाला दीड तासाच्या चित्रपटात नेऊन बसविल्यास ते किती वेळा हसवील? त्रैराशिकाने उत्तर तीस येते. पण हास्य हा पदार्थ त्रैराशिकाला दाद देणारा नाही. घरच्या खुर्चीत बसून ज्या माणसांवर आपण लोभ केला, तीच माणसे चित्रगृहाच्या विशाल पडद्यावर कधी परकी वाटू लागतात, तर कधी पूर्वीपेक्षाही जवळची होतात. असे का घडते, याचा सर्वांत मोठा प्रयोग इंग्लंडात झाला. आणि त्याच प्रयोगाचे एक लहानसे, परंतु अत्यंत बोधप्रद उदाहरण महाराष्ट्रातही आहे. ते उदाहरण म्हणजे आपले चिमणराव आणि गुंड्याभाऊ.

प्रारंभ इंग्लंडापासून करणे सोयीचे. तेथील दूरचित्रवाणीवरील विनोदाची जननी नभोवाणी होय. टोनी हँकॉक या नटाचा 'हँकॉक्स हाफ अवर' हा कार्यक्रम बी. बी. सी. च्या नभोवाणीवर १९५४ साली सुरू झाला आणि १९५६ साली तो दूरचित्रवाणीवर गेला. रे गॅल्टन आणि अ‍ॅलन सिम्प्सन हे त्याचे लेखक. या जोडीने जुनी चुटक्यांची परंपरा बाजूस सारून एक नवी रीत रूढ केली. एक माणूस घ्यावयाचा. त्याला त्याच्या ऐपतीपेक्षा मोठ्या आकांक्षा द्यावयाच्या. आणि नेहमीच्याच घरात, नेहमीच्याच माणसांत त्याची फजिती होऊ द्यावयाची. हाच परिस्थितिजन्य विनोद. त्यात हसू शब्दाचे नसते, स्वभावाचे असते. १९६१ साली हँकॉक 'द रिबेल' या चित्रपटात झळकला. कचेरीत कारकुनी करणारा मनुष्य चित्रकार होण्यासाठी पॅरिसला जातो, अशी ती कथा. आपल्या ठराविक घरातून विनोदी पात्राला बाहेर काढून दूरदेशी पाठविण्याची जी युक्ती पुढे सर्रास वापरली गेली, तिचे हे एक आरंभीचे रूप.

त्यानंतर दहा वर्षांनी या प्रथेला पूर आला. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडच्या चित्रपटधंद्यातील अमेरिकन भांडवल आटू लागले. प्रेक्षक घरी बसून दूरचित्रवाणी पाहण्यात रमले होते. अशा वेळी निर्मात्यांनी सरळ विचार केला, की ज्या मुखवट्यांसाठी लोक घरी बसतात, तेच मुखवटे चित्रगृहात आणावे. जाहिरातीचा खर्च वाचेल आणि गिऱ्हाईक आधीच तयार असेल. भयपटांसाठी प्रसिद्ध असलेल्या हॅमर या कंपनीने १९७१ साली 'ऑन द बसेस' हा बसचालक आणि त्याचा सोबती कंडक्टर यांच्या गमतींवरील चित्रपट काढला. तो त्या वर्षी इंग्लंडात सर्वाधिक चाललेल्या चित्रपटांपैकी एक ठरला आणि लागोपाठ १९७२ व १९७३ साली त्याचे दोन पुढील भाग निघाले. 'डॅड्स आर्मी'चा चित्रपट १९७१ चा, 'स्टेप्टो अँड सन'चा १९७२ चा, 'आर यू बीइंग सर्व्हड?'चा १९७७ चा आणि 'पॉरिज'चा १९७९ चा. यांखेरीज आणखीही कित्येक निघाले.

यांतील बहुतेक चित्रपटांनी पैसा मिळविला. परंतु मूळ मालिकांची सर फारच थोड्यांना आली. हा दोष नटांचा नव्हता, लेखकांचाही नव्हता. तो त्या दोन कलाप्रकारांच्या स्वभावातच दडलेला होता. परिस्थितिजन्य विनोद या गोष्टीवर उभा असतो की काहीही बदलत नाही. चित्रपट या गोष्टीवर उभा असतो की काहीतरी बदलते.

'स्टेप्टो अँड सन'चे उदाहरण घ्यावे. लंडनमध्ये घोडागाडीतून भंगार गोळा करीत फिरणारे बापलेक हे या मालिकेचे नायक. मुलगा प्रौढ झाला आहे. त्याला या उकिरड्यातून निसटून सभ्य जगात जावयाचे आहे. म्हातारा लबाड, हेकट आणि एकाकी. तो त्याला निसटू देत नाही. प्रत्येक भागाच्या अखेरीस मुलगा परत त्याच घरात असतो. पुढील आठवड्यास तो पुन्हा धडपडणार आणि पुन्हा फसणार, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. हसू त्या ठाऊक असण्यातूनच येते, आणि त्यामागील कारुण्यही. चित्रपट लिहितांना मात्र एवढ्याने भागेना. दीड तास धरून ठेवील अशी मोठी घटना हवी. म्हणून मुलाचे लग्न लावले. नवरा-नवरी मधुचंद्रास स्पेनला निघाली, तर म्हातारा त्यांच्याही बरोबर! विनोद आहे, पण अर्ध्या तासात जो सापळा घट्ट वाटत असे, तो दीड तासात सैल झाला. एकदा लग्न लागले आणि मोडले की पुढील आठवड्यास सारे विसरून जाण्याची सोय चित्रपटाला नसते.

घटनेची ही अडचण टाळण्यासाठी अनेकांनी एकच पळवाट शोधली. सर्व मंडळींना सुट्टीवर धाडावयाचे! 'आर यू बीइंग सर्व्हड?' ही मालिका एका मोठ्या वस्त्रभांडारातील नोकरवर्गाची. चित्रपटात दुकानाची डागडुजी निघते आणि सारे विक्रेते एका काल्पनिक स्पॅनिश किनाऱ्यावर सहलीस जातात. 'ऑन द बसेस'चा तिसरा चित्रपटही सुट्टीच्या छावणीतच घडतो. परंतु विक्रेत्याची गंमत गिऱ्हाइकापुढे आणि मुनीमजींची गंमत गादीवर. त्याला समुद्रकाठी नेऊन बसविला की तो चारचौघांसारखा मनुष्य होतो. ज्या जागेने त्याला विनोदी केले, ती जागाच मागे राहिलेली असते.

दुसरा फरक ऐकण्याचा आहे. तो या पत्रिकेच्या वाचकांना विशेष जाणवावा. त्या काळच्या बहुतेक इंग्रजी विनोदी मालिका प्रेक्षकांना समोर बसवून ध्वनिचित्रित करीत. तीनशे माणसे हसू लागली की नट क्षणभर थांबे, भुवई उंचावे आणि हसे ओसरू लागताच पुढील वाक्य टाकी. हशाच्या लाटेवर वाक्य तरंगत ठेवण्याची ही कला नाटकाची व नभोवाणीची. चित्रपटात मात्र एक एक दृश्य निरनिराळ्या वेळी, निमूटपणे चित्रित होते. तेथे नट थांबला तर पडद्यावर नुसती पोकळी दिसते. न थांबला तर भरल्या चित्रगृहातील हशात पुढचे वाक्य बुडून जाते. घरात मालिका पाहणारा मनुष्य एकटा असला तरी त्या ध्वनिमुद्रित हशामुळे त्याला सोबत असे. रिकाम्या चित्रगृहात मात्र तोच विनोद ओशाळवाणा होई.

मग हे स्थलांतर साधलेच नाही काय? साधले, पण दोन वाटांनी. पहिल्या वाटेचे उत्तम उदाहरण 'पॉरिज'. ही मालिका १९७४ ते १९७७ पर्यंत चालली. रॉनी बार्कर या थोर विनोदी नटाने तीत फ्लेचर नावाचा मुरलेला कैदी रंगविला होता. तुरुंग ही न बदलणारी परिस्थितीच. मग चित्रपटासाठी घटना कोणती? कैदी पळून जाणे. लेखकांनी तीच घेतली; परंतु ती अशी फिरविली की फ्लेचर आणि त्याचा तरुण सोबती दुसऱ्याच्या पलायनात इच्छेविरुद्ध ओढले जातात आणि बाहेर पडल्यावर, शिक्षा वाढू नये म्हणून, कोणाला कळण्यापूर्वी पुन्हा तुरुंगात शिरण्याची खटपट करतात! चित्रपटाला हवा तो बदल मिळाला आणि मालिकेला हवी ती परिस्थितीही अखेरीस जागच्या जागी राहिली. चोरून तुरुंगात शिरणाऱ्या कैद्याइतके या विनोदप्रकाराचे मर्म सांगणारे दुसरे चित्र क्वचितच सापडेल.

दुसरी वाट 'माँटी पायथन' या मंडळीची. १९६९ साली त्यांची मालिका सुरू झाली. त्यांचा पहिला चित्रपट, १९७१ चा, म्हणजे मालिकेतील निवडक प्रहसनांचीच पुन्हा केलेली मांडणी होती. परंतु १९७५ साली त्यांनी आर्थर राजाच्या दंतकथेवर सर्वस्वी नवा चित्रपट रचला. त्यात जुनी पात्रे नव्हती, जुने प्रसंग नव्हते. जुनी होती ती केवळ दृष्टी. आज नाव घेतले जाते ते याच चित्रपटाचे.

आता महाराष्ट्राकडे वळू. मराठी बोलपटाला विनोद पुरविणारे कोठार फार काळ दूरदर्शन नव्हते. ते होते रंगभूमी, तमाशा आणि छापील पुस्तक. ज्या १९७१ साली इंग्लंडात बसचालकाने चित्रगृहे भरविली, त्याच वर्षी महाराष्ट्रात दादा कोंडके यांच्या 'सोंगाड्या'ने ती भरविली. त्या चित्रपटाचे लेखक वसंत सबनीस. आणि दादांना घरोघर पोचविले होते सबनीसांच्याच 'विच्छा माझी पुरी करा' या वगनाट्याने. सोंगाड्या हा शब्दही मराठी मातीतला. नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर आणि अक्कलकुवा भागांत आदिवासींच्या 'सोंगाड्या पार्ट्या' यात्रा-जत्रांतून रात्र रात्र खेळ करतात. विनोदी पात्र आणि त्याचा गावकरी प्रेक्षक यांची ओळख तेथे कोणत्याही यंत्रावाचून जमलेली असते.

छापील पुस्तकाच्या कोठारातून मात्र चिमणराव आले. त्यांचे जनक चिंतामण विनायक जोशी हे १८९२ साली जन्मले आणि १९६३ साली निवर्तले. ते बडोद्याच्या महाविद्यालयात पाली भाषेचे अध्यापक होते. बौद्ध वाङ्मयाच्या या गंभीर अभ्यासकाने मराठीला एक भित्रा, भोळा, कुटुंबवत्सल आणि स्वतःविषयी बऱ्यापैकी गैरसमज बाळगणारा पांढरपेशा दिला. त्याच्या जोडीला गुंड्याभाऊ हा धिप्पाड, अडदांड आणि प्रेमळ भाऊ दिला. आणि या दोघांभोवती कावेरी, मोरू, राघू, मैना असा संसार मांडला. दर गोष्टीत चिमणराव नवा घाट घालतात, दर गोष्टीत तो अंगाशी येतो आणि दर गोष्टीच्या अखेरीस ते होते तेथेच असतात. इंग्लंडात हँकॉकचा जन्म कार्यक्रमरूपाने होण्यापूर्वी वीस वर्षे मराठीत परिस्थितिजन्य विनोदमालिका अशी छापील रूपाने तयार होती. तिला केवळ दूरदर्शनचा शोध लागावयाचा होता.

त्याआधी बोलपटाने तिला गाठले. मास्टर विनायक यांनी १९४० साली 'लग्न पहावं करून' आणि १९४२ साली 'सरकारी पाहुणे' हे चित्रपट चि. वि. जोशींच्या कथांवरून काढले. दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले, विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. पहिल्या चित्रपटाचे नावच सांगते की विनायकांना चित्रपटाची गरज ओळखता आली होती. लग्न ही मराठी कुटुंबातील सर्वांत मोठी घटना. पण ती स्टेप्टोच्या लग्नासारखी परिस्थिती मोडीत नाही. लग्नाची खटपट, देण्याघेण्याचा घोळ, रुसवेफुगवे हे सारे या कुटुंबाच्या नित्याच्या जगातलेच. येथे घटना घराबाहेर शोधावी लागली नाही.

पुस्तकातून पडद्यावर येतांना एक गोष्ट मात्र हरवते. पुस्तकात आपली फजिती चिमणराव स्वतःच सांगतात, आणि सांगतांना आपण किती शहाणे होतो हेही पटवीत असतात. वाचकाला हसू येते ते सांगणे आणि घडणे यांतील अंतराचे. पडद्यावर निवेदक नाहीसा होतो आणि उरते केवळ घडणे. हे अंतर मग नटाच्या चेहऱ्याने भरून काढावे लागते. दामुअण्णांनी ते आपल्या तिरप्या नजरेने आणि भाबड्या बोलण्याने भरले. पुढे जवळजवळ चाळीस वर्षांनी दिलीप प्रभावळकरांनी ते अगदी वेगळ्या, सूक्ष्म रीतीने भरले.

ही पुढची पायरी दूरदर्शनची. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७७ च्या सुमारास त्यावरून 'चिमणराव गुंड्याभाऊ' ही मालिका प्रक्षेपित होऊ लागली. प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मराठी घरांत मालिका पाहण्याची सवय लावणाऱ्या अगदी पहिल्या कार्यक्रमांत तिची गणना होते. नभोवाणीने त्यापूर्वीच 'पुन्हा प्रपंच'मधील टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत या त्रिकुटाच्या द्वारे अशा घरगुती विनोदासाठी मराठी कान तयार करून ठेवले होते; आता डोळ्यांनाही काम मिळाले. आणि १९७९ साली, म्हणजे ज्या वर्षी इंग्लंडात 'पॉरिज' पडद्यावर आला त्याच वर्षी, त्याच नटजोडीला घेऊन 'चिमणराव गुंड्याभाऊ' हा मराठी चित्रपट निघाला. हिंदीत 'खिचडी' या मालिकेवरून त्याच नावाचा चित्रपट २०१० साली आला. मराठीने ही वाट तीस वर्षे आधी चोखाळली होती.

परंतु इंग्लंड आणि महाराष्ट्र यांत एक महत्त्वाचा भेद आहे, आणि तो नकाशा उघडून पाहिल्यावाचून ध्यानी येत नाही. इंग्लंडात १९७१ साली चित्रपट पाहणाऱ्या बहुतेक प्रत्येकाने मूळ मालिका घरी पाहिलेली होती. महाराष्ट्रात तसे नव्हते. मुंबईच्या मनोऱ्यावरून निघणाऱ्या लहरी शे-सव्वाशे किलोमीटरांपलीकडे सहसा जात नसत; सहप्रक्षेपणामुळे पुणे जोडले गेले एवढेच. नंदुरबार मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर दूर, तापीच्या खोऱ्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. तेव्हा ते धुळे जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. दूरदर्शनची लहर तेथे पोचत नव्हती. परंतु चित्रपटाच्या रिळांची पेटी सुरत-भुसावळ लोहमार्गाने कोणत्याही स्थानकावर उतरू शकत होती. इंग्लंडात चित्रपट हा पाहिलेल्या माणसांशी पुनर्भेट घडवी. खानदेशासारख्या मुलुखात तो पहिली भेट घडविण्याचे साधन होता.

पुढे १९८० नंतरच्या दशकात लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे देशभर पसरले, तेव्हा लहान गावांतील घरांत प्रथम शिरला तो दिल्लीहून येणारा हिंदी कार्यक्रम. 'ये जो है जिंदगी' ही १९८४ ची विनोदी मालिका अशीच आली. तिच्या दिग्दर्शकांपैकी कुंदन शाह यांनी आदल्या वर्षी 'जाने भी दो यारो' हा चित्रपट केला होता. म्हणजे येथे प्रवाह उलटा, चित्रपटाकडून घराकडे वाहिला. मराठीची उपग्रहवाहिनी १९९४ साली आली. ज्या घरात अहिराणी, गुजराती, भिली किंवा पावरी बोलली जाते, त्या घराने मुंबई-पुण्याच्या विनोदाशी ओळख करून घेतली ती अशा आडवळणाने.

आज अंतराचा प्रश्न उरलेला नाही. २०१८ साली सुरू झालेली 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' अक्कलकुव्यातही त्याच क्षणी दिसते, जेव्हा ती दादरला दिसते. तिचे सूत्रधार सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे यांनी २०२५ साली 'गुलकंद' हा चित्रपट काढला. त्यात हास्यजत्रेतील समीर चौघुले यांच्यासारखे परिचित नट आहेत. पण प्रहसनांची शिवण घालून चित्रपट करण्याऐवजी त्यांनी दोन कुटुंबांची नवी कथा सांगितली. ही 'माँटी पायथन'ची वाट होय. ओळखीचा चेहरा प्रेक्षकाला दारापर्यंत आणतो. आत बसवून ठेवण्याचे काम कथेलाच करावे लागते, हे आता मराठी लेखकांनाही पटलेले दिसते.

एक प्रश्न मात्र शिल्लक राहतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हे सारे हसू टिकणार कोठे? आरंभीच्या काळी ध्वनिचित्रफीत फार महाग असे. कार्यक्रम झाला की फीत पुसावी आणि तिच्यावर दुसरा कार्यक्रम घ्यावा, अशी रीत बी. बी. सी. मध्ये होती, तशीच आपल्या दूरदर्शनमध्येही होती. 'डॅड्स आर्मी'च्या १९६९ च्या मालेतील तीन भाग अद्याप सापडलेले नाहीत. 'स्टेप्टो'चे काही रंगीत भाग आज केवळ कृष्णधवल प्रतींच्या रूपाने शिल्लक आहेत. चित्रपटाची गोष्ट निराळी होती. त्याच्या अनेक प्रती निघत, त्या गावोगाव जात, आणि एखादी कोठेतरी उरे. म्हणून ज्या चित्रपटांना टीकाकारांनी मालिकेची फिकी छाया म्हणून हिणविले, त्यांनीच कित्येक नटांची चालण्या-बोलण्याची ढब जपून ठेवली. अर्थात चित्रपटही अमर नाही. २००३ साली पुण्यास लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फितींचा मोठा साठा भस्मसात झाला. उलट 'डॅड्स आर्मी'च्या कथा बी. बी. सी. ने १९७४ पासून नभोवाणीसाठी रूपांतरित केल्या, म्हणून पुसल्या गेलेल्या भागांच्या गोष्टीही कानांनी ऐकावयास मिळतात. जो विनोद एकाहून अधिक घरांत राहिला, तो वाचला.

चिमणरावांचे भाग्य हेच. ते पुस्तकात राहिले, दोन पिढ्यांच्या बोलपटांत राहिले आणि दूरदर्शनच्या पेटीतही राहिले. यांपैकी एखादे घर पडले तरी त्यांना उघड्यावर राहावे लागत नाही. ज्या कुटुंबांत जुनी नाट्यप्रहसनांची हस्तलिखिते, नभोवाणीवरून टिपलेल्या ध्वनिफिती किंवा एखाद्या स्थानिक सोंगाड्या पार्टीचे चित्रण पेटीच्या तळाशी पडून असेल, त्यांनी ते वाळवी आणि बुरशी लागण्यापूर्वी बाहेर काढावे, त्याची प्रत करावी आणि एखाद्या ग्रंथालयाच्या अगर संग्रहालयाच्या हवाली करावे. आज घरात वारंवार ऐकून पाठ झालेला विनोद उद्याच्या पिढीला प्रथमच ऐकावयाचा असतो. तिला तो ऐकता यावा एवढी तजवीज प्रत्येक घराला करता येण्याजोगी आहे.